व्हिपटेल कॅटफिश: वाळू, नळी आणि पिल्लांचं पोट

डोहकाठ

व्हिपटेल हा लांब, चाबकासारख्या शेपटीचा, टाकीच्या तळाशी राहणारा मासा. त्याच्याबद्दल मराठीत एका जागी नीट माहिती असावी म्हणून हा धागा काढतोय. ज्यांनी हे मासे पाळलेत, पिल्लं वाढवलीत, त्यांनी भर घालावी. माझं काही चुकत असेल तर तिथल्या तिथे सांगावं.

आधी एक गैरसमज दूर करू. दुकानात हा मासा 'सकरचाच भाऊ आहे, काच साफ ठेवेल' असं सांगून विकतात. कूळ एकच आहे, लोरिकॅरिडी, हे खरं. लॅटिनमध्ये लोरिका म्हणजे चिलखत. अंगावरच्या हाडांच्या पट्ट्यांवरून ते नाव पडलं. पण काचेवरच्या शेवाळावर व्हिपटेलचं पोट भरत नाही. लखलखीत टाकीत तो दोन-तीन महिने काढतो आणि एक दिवस वाळूवर मेलेला सापडतो. पाणी तपासलं तर सगळं ठीक निघतं, कारण तो उपासमारीने गेलेला असतो. हा मासा भूक लागली म्हणून वर येत नाही, गर्दीत घुसून खात नाही, आणि चिलखतामुळे वरून बघताना बारीक झालेला कळतही नाही. तो काचेला चिकटला की खालून पोट बघायचं. भरलेलं पोट किंचित फुगीर दिसतं. खपाटीला गेलेलं असेल तर त्याच दिवशी खाण्याची व्यवस्था बदलायची.

आपल्याकडे 'व्हिपटेल' नावाखाली तीन वेगळे मासे मिळतात आणि तिघांची गरज वेगळी आहे.

रायनेलोरिकॅरिया हा नेहमीचा व्हिपटेल. लाल रंगाचा 'रेड लिझर्ड' यातलाच, त्याला एल ०१० ए असा क्रमांक आहे. (लोरिकॅरिडी कुळातल्या माशांना हे एल क्रमांक १९८८ पासून एका जर्मन मत्स्यमासिकाने द्यायला सुरुवात केली.) लांबी १० ते १५ सेंमी. कोस्टा रिका-पनामापासून अर्जेंटिनापर्यंतच्या नद्यांमध्ये याच्या ६० पेक्षा जास्त जाती आहेत. नवख्याने इथूनच सुरुवात करावी.

दुसरा 'रॉयल'. दुकानात रॉयल फार्लोवेला म्हणतात, पण तो फार्लोवेला नाही. पूर्वी स्टुरिसोमा म्हणत, आता यातल्या बऱ्याच जाती स्टुरिसोमॅटिक्थिस या नावाखाली गेल्यात. २० सेंमीपर्यंत वाढतो, ४ फुटी टाकी लागते.

तिसरा खरा फार्लोवेला, वाळक्या काडीसारखा दिसणारा. तिघांत सर्वांत नाजूक. नव्याने बसवलेल्या टाकीत तो टिकत नाही. निदान सहा महिने चाललेली, लाकडावर-पानांवर बुळबुळीत थर धरलेली टाकी असेल तरच आणा.

रायनेलोरिकॅरियाच्या ४-५ माशांसाठी ३ × १.५ × १.५ फुटी टाकी बरोबर बसते, प्रत्यक्ष पाणी साधारण १६० लिटर. उंचीपेक्षा तळाची जागा महत्त्वाची. तासाला ८०० लिटर फिरवणारा फिल्टर लावा, त्याच्या तोंडावर स्पंज हवाच. शिवाय एक हवेवर चालणारा स्पंज फिल्टर ठेवा, पुढे पिल्लांसाठी तो तयार मिळतो. तापमान २४ ते २८, सामू (पीएच) ६.५ ते ७.५.

---

वाळूचाळणी

उत्तम सुरुवात. वाळूबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण हा मासा सगळं आयुष्य पोटावर सरकत काढतो.

हल्ली बांधकामाच्या दुकानात नदीची वाळू म्हणून सर्रास क्रश सँड देतात. ती बेसॉल्ट फोडून केलेली असते, कडा धारदार असतात. चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडा, टोचली तर ती यांच्यासाठी नाही. ओठांभोवतीच्या झालरी झिजतात, पोटाखाली लाल चट्टे येतात आणि मग त्या जागी बुरशी धरते. लोक पाण्यात औषध ओतत बसतात, दोष वाळूचा असतो.

कोकणातल्या किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नका. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, तो हळूहळू विरघळून पाणी जड करत राहतो. कुठल्याही वाळूची परीक्षा सोपी आहे: वाटीत कोरडी वाळू घ्या, वर पांढरं व्हिनेगर ओता. बुडबुडे आले की चुना आहे.

दाणा अर्धा ते एक मिलीमीटरचा हवा. ३ × १.५ फुटी तळावर ३ सेंमी थराला साधारण २० किलो लागते. बादलीत पाव भाग वाळू घेऊन नळाच्या धारेखाली हाताने ढवळायची, गढूळ पाणी ओतून द्यायचं. दहा-बारा वेळा तरी करावं लागतं. ३ सेंमीपेक्षा जाड थर देऊ नका, खाली हवा पोहोचत नाही आणि काळे डाग पडून सडका वास येतो.

लाकडाचंही सांगतो. साल काढलेली, पूर्ण वाळलेली पेरूची जाड फांदी चालते. तासभर उकळून, आठवडाभर पाण्यात दगडाखाली दाबून ठेवा. कडुनिंबाचं लाकूड नको. खाडीकाठचं कांदळवनातलं लाकूड उचलू नका, आपल्या राज्यात कांदळवनं संरक्षित आहेत.

---

निवळी

डोहकाठ, आमच्याकडे सोसायटीला बोअरचं पाणी येतं. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६०० दाखवतं, सामू ८. घरात आरओ आहे, त्याचा टीडीएस ३०. नुसतं आरओ वापरू का?

---

डोहकाठ

निवळीताई, नुसतं आरओ नको. त्यात सामू धरून ठेवणारे क्षारच नसतात. फिल्टरमधले जिवाणू काम करताना आम्ल तयार करतात आणि असं पाणी एका आठवड्यात आंबट होऊ शकतं. मिसळून वापरा. २० लिटरच्या बादलीत ६ लिटर बोअर आणि १४ लिटर आरओ घेतलं की टीडीएस २०० च्या आसपास येतो. पाळायला आणि अंडी घालायलाही हे पुरेसं आहे.

मात्र माशांना एकदम या पाण्यात टाकू नका. दुकानातलं पाणी ५०० चं असेल तर तीन आठवडे घेऊन दर पाणीबदलात थोडं थोडं खाली आणा.

नगरपालिकेचं पाणी असलेल्यांसाठी: क्लोरीन काढायला दुकानात 'हायपो' म्हणून खडे मिळतात, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. १ मिलीग्रॅम क्लोरीनला साधारण ७ मिलीग्रॅम हायपो लागतो. १ लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून बाटली भरून ठेवा. पाण्यात लिटरला १ मिलीग्रॅम क्लोरीन धरला तर २० लिटरच्या बादलीला या द्रावाचे १४ मिली होतात. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनही वाढवतात, तेव्हा २५ मिली घाला. खडे अंदाजाने टाकीत टाकायची सवय मोडा.

---

उन्हाळवेळ

नागपूरकडच्यांसाठी. मे महिन्यात टाकीचं पाणी ३३ ला जातं आणि व्हिपटेल एकामागून एक जातात. नुसती उष्णता हे कारण नाही. २५ अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे ८.३ मिलीग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला ७.६, त्याच्याही वर आणखी कमी. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते आणि सडणारं अन्नही प्राणवायू खात असतं. व्हिपटेल वाहत्या पाण्यातला मासा, त्याला हे झेपत नाही. पाण्याच्या पृष्ठभागाजवळ काचेला चिकटून भराभर कल्ले हलवताना दिसला की तो ताज्या हवेसाठी वर आला आहे असं समजा.

झाकण काढून त्या जागी जाळी ठेवा आणि छोटा पंखा पृष्ठभागावर तिरका मारा. आमच्या कोरड्या हवेत यानेच पाणी ३ अंशांपर्यंत खाली येतं. मुंबईच्या दमट हवेत तेवढा फरक पडत नाही. उडालेल्या पाण्याची भरपाई आरओच्या पाण्याने करा, कारण वाफ जाते तेव्हा क्षार मागेच राहतात. बर्फाची पिशवी एकदम सोडू नका, तासात ४ अंश उतरवणं हे ३२ अंशांपेक्षा वाईट. उन्हाळ्यात खाणं निम्मं करा, संध्याकाळी द्या, सकाळी उरलेलं काढा. आणि वीज जाते त्या गावात बॅटरीवर चालणारा हवापंप घरात हवाच.

---

टिटवी

खाण्यावर लिहिते. रायनेलोरिकॅरिया दोन्ही खातो, भाजी आणि मांसाहार. रॉयल आणि फार्लोवेलाचा कल भाजी-शेवाळाकडे जास्त. दिवे मालवल्यावर द्या, नाहीतर टेट्रासारखे सोबतचे मासे सगळं फस्त करतात.

भाजीत दुधी आणि दोडका सर्वांत बरे. दुधीची साल काढून सेंटीमीटरभर जाडीच्या चकत्या, उकळत्या पाण्यात ३ मिनिटं. दोडक्याच्या शिरा तासून घ्या. चकती स्टीलच्या चमच्याला खोचली की तळाला बसते. रात्री ९ ला टाकली तर सकाळी ९ ला बाहेर. काकडी हे मासे आवडीने चोखतात, पण तिच्यात पाण्याखेरीज फारसं काही नाही. रोज तीच दिली तर पोट भरलेलं दिसतं आणि मासा खंगत जातो. पालकाचा प्रश्न वेगळा, त्यावर कीटकनाशक मारलेलं असतं. सायपरमेथ्रिनसारखी औषधं माणसाला कळणार नाहीत इतक्या प्रमाणात माशांना मारतात. पालक तीन पाण्यांनी धुवून, उकळून, ते उकळलेलं पाणी फेकून मगच वापरा.

घरी वड्या करायच्या असतील तर हे प्रमाण: सोललेले मटार १०० ग्रॅम, उकळून पिळलेला पालक १०० ग्रॅम, सोललेली कोळंबी ५० ग्रॅम, स्पिरुलिना (शेवाळाची) पावडर १० ग्रॅम. मटार शिजवून सालं काढा, कारण सालं पचत नाहीत. सगळं मिक्सरमधून गंधासारखं बारीक करा. ३०० मिली पाण्यात ६ ग्रॅम चायनाग्रासची पावडर टाकून दोन मिनिटं खळखळ उकळा, खाली उतरवून त्यात लगदा घाला, भराभर ढवळा. कोळंबी गरम मिश्रणात आपोआप वाफवते. स्पिरुलिना शेवटी. ताटात अर्धा सेंमी जाडीने ओता, थंड झाल्यावर वड्या पाडा. मीठ-तेल काही नाही.

जिलेटिनपेक्षा चायनाग्रास घ्यायचं कारण असं की २८-३० अंशांच्या पाण्यात जिलेटिन मऊ पडून विरघळायला लागतं, चायनाग्रास तसंच राहतं. त्याचा दोष एकच: फ्रीझरमधून काढल्यावर पाणी सोडतं आणि वडी स्पंजासारखी होते. मासे खातात, पण चुरा जास्त पडतो. म्हणून आठवड्याचं साध्या फ्रीजमध्ये ठेवा, उरलेलंच गोठवा.

आठवड्यातून दोनदा गोठवलेले रक्तकृमी किंवा आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव). जिवंत ट्युबिफेक्स (गाळातले बारीक कृमी) बाजारात स्वस्त मिळतात, पण ते गटारी पाण्यात वाढवलेले असतात, मी सुचवणार नाही.

---

शिंपला

सोबत कोणते मासे चालतील? एंजल आहेत दोन, आणि टायगर बार्ब.

---

टिटवी

शिंपला, टायगर बार्ब नकोत. शेपटीच्या वरच्या टोकाचा जो लांब दोरा, तो ते कुरतडतात. एंजल खाणं हिसकावतात, पण रात्री दिलं तर निभतं. लहान टेट्रा, रासबोरा, कोरीडोरास उत्तम. मोठे सकर एकाच टाकीत ठेवू नका, भुकेला सकर रात्री दुसऱ्या माशाच्या अंगावरचा चिकट थर चोखतो आणि व्हिपटेल पळून जाण्याऐवजी निपचित पडून राहतो.

आणि सकर नको झाला म्हणून तलावात सोडू नका, कुणीच. पश्चिम बंगाल, आंध्रच्या पाण्यात तो पसरून बसला आहे, जाळी फाडतो, देशी मासे हटवतो. दुकानदाराला परत द्या.

---

निवळी

पाणी जुळलं, धन्यवाद. आता नर-मादी कशी ओळखायची आणि अंडी घालायला काय लागतं? पाच लाल व्हिपटेल आहेत, ९ ते ११ सेंमी.

---

कोयनाकाठ

निवळीताई, या लांबीला ओळखता येतं. वरून बघा. नराच्या गालांवर आणि छातीच्या परांच्या जाड काट्यांवर दाढीच्या खुंटांसारखे बारीक केस दिसतात. मादीचा चेहरा गुळगुळीत, निमुळता, आणि पोटाकडे अंग रुंद.

नळी प्लंबिंगच्या दुकानातली पांढरी पीव्हीसी. १० ते १२ सेंमीच्या नराला पाऊण इंची किंवा एक इंची. मोठी घ्यायचा मोह टाळा. नर आत बसला की त्याचे दोन्ही पर भिंतींना टेकले पाहिजेत, म्हणजे पर हलवून तो अंड्यांवरून पाणी ढकलू शकतो आणि दुसरा नर आत घुसू शकत नाही. लांबी १५ ते २० सेंमी, दोन्ही तोंडं उघडी. एका बाजूने बंद नळी ब्रिस्टलनोजला (याच कुळातला दुसरा मासा) आवडते, यांना नाही. कापलेल्या कडा कानशीने घासा, आतून पॉलिशपेपर फिरवा. नरांच्या संख्येपेक्षा दोन नळ्या जास्त ठेवा, प्रवाहाला समांतर, फिल्टरच्या धारेपासून हातभर दूर.

दोन आठवडे वड्या आणि गोठवलेले कृमी भरपूर द्या, मग ४० टक्के पाणी बदला, नवीन पाणी २ ते ३ अंश थंड. नद्यांना पूर आल्याची ती खूण असते. दोन-तीन दिवस ओळीने केलं की बहुतेक वेळा नर नळी धरून बसतो.

अंडी पिवळसर-हिरवी, द्राक्षाच्या घडासारखी तळाला चिकटलेली, साधारण १०० च्या आसपास. २६ अंशांना ५ ते ७ दिवसांत फुटतात. त्या काळात नळीला हात लावू नका, टॉर्च मारून सारखं बघू नका. नर घाबरून बाहेर पडला की अंडी तासाभरात नाही, पण रात्रभरात बुरशीने पांढरी होतात. एक-दोन पांढरी दिसली तर चिंता नको, नर ती स्वतः काढून टाकतो.

पहिल्या वेळी तरुण नर अंडी सोडून देतो, हे नेहमीचं आहे. तशी वेळ आली तर नळी पाण्यातच बोटांनी दोन्ही तोंडं झाकून उचला, टाकीच्याच पाण्याच्या डब्यात ठेवा, एका तोंडाशी हवेचा दगड लावा म्हणजे आतून पाणी वाहत राहील. मिथिलीन ब्लू (बुरशीवरचं निळं औषध) लिटरला १ मिलीग्रॅम, पाणी फिकट निळं. हा डबा वेगळाच असू द्या, मिथिलीन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंना मारतं.

---

निवळी

अंडी फुटली! साधारण ८० पिल्लं होती. जाळीच्या पिंजऱ्यात ठेवली, स्पिरुलिना पावडर आणि काकडी देत होते. दहा दिवस सगळं छान, मग रोज पाच-सहा मरत गेली. आज १९ वा दिवस, २२ उरली आहेत. अमोनिया (माशांच्या घाणीतून होणारं विष) शून्य दाखवतंय. रोग आहे का? औषध कोणतं टाकू?

---

कोयनाकाठ

औषध टाकू नका. आधी उरलेली २२ वाचवू.

एक पिल्लू पारदर्शक वाटीत घ्या आणि वाटी डोक्याच्या वर धरून खालून बघा. पोट गोल, हिरवं किंवा नारिंगी दिसायला हवं. पारदर्शक किंवा आत ओढलेलं असेल तर उपास घडतोय. तुम्ही लिहिलंत त्यावरून मला तेच वाटतं. दहाव्या ते विसाव्या दिवसांत व्हिपटेलची पिल्लं मरतात ती बहुतेक दोनच कारणांनी, आणि ती एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. अंगात साठा काहीच नसल्याने त्यांना दिवसरात्र तोंडासमोर खाणं लागतं. खाणं सतत ठेवलं की ते सडतं, त्यावर जिवाणूंची वाढ होते, आणि तळाशी, जिथे पिल्लू तोंड टेकून असतं, तिथलाच प्राणवायू संपतो. अमोनिया किट वरचं पाणी मोजतं, तळाच्या दोन मिलीमीटरमध्ये काय चाललंय ते त्याला दिसत नाही. म्हणून किट शून्य आणि पिल्लं मेलेली.

कापडी जाळीचा पिंजरा हा दुसरा दोष. त्याची छिद्रं आठवड्यात बुळबुळीने बुजतात आणि आत पाणी फिरत नाही. हा डबा करा:

३ लिटरचा पसरट प्लॅस्टिक डबा घ्या. समोरासमोरच्या बाजूंना ४ × ८ सेंमीच्या खिडक्या कापा. स्टीलच्या चहाच्या गाळणीची जाळी कापून आतून सिलिकॉनने चिकटवा. सिलिकॉन काचकामाचं, बुरशीरोधक नसलेलं. बाथरूमचं घेतलंत तर त्यातलं बुरशीनाशक पाण्यात उतरतं. दोन दिवस सुकू द्या, व्हिनेगरचा वास पूर्ण गेला पाहिजे. डबा टाकीच्या आत कडेला टांगा, काठ पाण्याच्या वर २ सेंमी. आता अर्ध्या इंची पाइपाचा १५ सेंमी तुकडा आणि वर कोपर जोडा, खालच्या तोंडात हवेची नळी सोडा. बुडबुड्यांबरोबर मोठ्या टाकीतलं पाणी वर चढून डब्यात पडेल आणि जाळीतून परत जाईल. ३ लिटरच्या डब्याला १६० लिटरचं पाणी मिळतं, सगळा फायदा यातच आहे. जाळी रोज जुन्या टूथब्रशने घासा.

डब्यात तळाला देशी बदामाचं वाळलेलं, झाडावरून आपोआप गळलेलं एक पान, टाकीत चार-पाच दिवस आधी भिजवून मऊ केलेलं. त्यावर जो थर धरतो तो पिल्लं रात्रभर चरतात. दोन-तीन लहान रॅम्सहॉर्न गोगलगायी सोडा, उरलेलं त्या संपवतात. वाळू नको.

खाणं दिवसातून चारदा, अगदी थोडं. सकाळी टिटवीताईंच्या वडीचा हरभऱ्याएवढा तुकडा. दुपारी आणि संध्याकाळी ताजे आर्टेमिया. रात्री दोडक्याची पातळ चकती, ५ मिनिटं उकळलेली. पिल्लांच्या डब्यात भाजी ६ ते ८ तासांच्या वर नको. काकडी बंद. नुसत्या स्पिरुलिना पावडरीने पाणी हिरवं दिसतं, पण ती तरंगत राहते, तळाला बसून खाणाऱ्या पिल्लांच्या वाट्याला फार कमी येते.

आर्टेमिया काढायला १ लिटर पाणी, २५ ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खायचा सोडा, अर्धा चहाचा चमचा आर्टेमियाची अंडी, जोरात हवा, २८ अंश. २४ तासांत फुटतात. हवा बंद करून दहा मिनिटं थांबा, टरफलं वर येतील, नारिंगी जीव खाली. नळीने खालचे ओढा, बारीक कापडातून गाळून गोड्या पाण्याने धुवा. टरफलं डब्यात जाऊ देऊ नका, पिल्लांच्या आतड्यात अडकतात.

प्रत्येक खाण्याआधी जाड ड्रॉपरने तळ साफ करा. अंड्यातून निघाल्यावर पहिले दोन-तीन दिवस पोटाखाली बलकाची पिशवी असते, तोवर काही लागत नाही. पिशवी संपल्यावर एक दिवस जरी खाणं चुकलं तरी त्याचा परिणाम दहा दिवसांनी दिसतो. पुढच्या वेळी हे ध्यानात ठेवा.

---

वाळूचाळणी

कोयनाकाठ, डब्याची रचना पटली, पण प्रत्येकाला दिवसातून चारदा जमणार नाही. जुन्या, पानांनी भरलेल्या टाकीत पिल्लं आईबापांसोबतच सोडली तर? व्हिपटेल स्वतःची पिल्लं खात नाहीत.

---

कोयनाकाठ

बरोबर आहे, मोठे व्हिपटेल पिल्लांच्या मागे लागत नाहीत. टाकीत फक्त व्हिपटेल असतील, तळावर पानांचा थर असेल, फिल्टरच्या तोंडाला स्पंज असेल तर काही पिल्लं आपोआप मोठी होतात आणि ती दणकट असतात. पण टेट्रा, एंजल असतील तर पहिल्या रात्रीच संपतात. आणि १०० पैकी किती उरतील ते पानांवरच्या थरावर अवलंबून. ऑफिसला जाणाऱ्यांसाठी मधला मार्ग असा: १५ पिल्लं डब्यात, बाकीची टाकीत. ८० पिल्लांना एका डब्यात पोसण्यापेक्षा १५ ना नीट पोसणं केव्हाही चांगलं.

---

निवळी

डबा लावला. खालून बघितलं, २२ पैकी १४ ची पोटं खपाटीला होती. चार दिवस झाले, काल एक गेलं, आज एकही नाही. आर्टेमिया खाल्ल्यावर पोट नारिंगी दिसतंय, आता नेमकं काय बघायचं ते कळलं.

---

कोयनाकाठ

छान. ३ सेंमीची होईपर्यंत डब्यातच ठेवा. बाहेर काढताना ओळीने सगळी एका दिवशी नको, मोठी आधी.

---

शिंपला

आमच्या भागात पावसाळ्यात महापालिकेची धूरफवारणी होते. तेव्हा काय करायचं?

---

उन्हाळवेळ

हे सगळ्यांनी वाचावं. डासांच्या धुरात, कॉइलमध्ये, प्लगच्या द्रवात पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात. माणसाला सौम्य, माशांना जहाल. हवापंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात मिसळतो, म्हणून तोच सर्वांत मोठा धोका. टाकी असलेल्या खोलीत कॉइल आणि प्लग कायमचे बंद करा, मच्छरदाणी वापरा. फवारणीची गाडी आली की खिडक्या बंद, टाकीवर ओली चादर, हवापंप बंद. पाण्याखालचा फिल्टर मात्र चालू ठेवा, त्याचं तोंड पाण्याच्या आत बुडवून, म्हणजे हवा ओढणार नाही. तासाभराने खिडक्या उघडून वास पूर्ण गेल्यावर पंप सुरू करा. स्पंज फिल्टर बराच काळ बंद राहिला तर त्यातले जिवाणू मरायला लागतात, म्हणून विसरू नका.

---

गाळमासा

रॉयलने समोरच्या काचेवर अंडी घातली आहेत. नळी ठेवली होती, बघितलीसुद्धा नाही.

---

डोहकाठ

गाळमासा, रॉयल आणि फार्लोवेला नळीत जातच नाहीत. उघड्यावर, उभ्या काचेवर किंवा रुंद पानावर घालतात, प्रवाह येतो त्या जागी. नर वर बसून राखण करतो. ८ ते १० दिवस लागतात. त्या काचेवरून शेवाळ घासू नका, आणि पाणी बदलताना पातळी अंड्यांच्या खाली जाऊ देऊ नका, हीच चूक सर्वांत जास्त होते. गोगलगायी जास्त असतील तर रात्री वेचून काढा.

पिल्लं फुटल्यावर यांना आर्टेमियापेक्षा हिरवा थर जास्त लागतो. आजच चार-पाच गुळगुळीत गोटे पाण्याच्या काचेच्या बरणीत घालून गच्चीवर उन्हात ठेवा, दहा दिवसांत हिरवे होतील. रोज एक गोटा पिल्लांच्या डब्यात, जुना परत बरणीत. बरणीच्या तोंडाला जाळी बांधा, नाहीतर डासांच्या अळ्या होतील.

---

शिंपला

शेवटचा प्रश्न. पुढच्या महिन्यात घर बदलतोय, पाच तासांचा प्रवास. मासे जाळीने पकडून पिशवीत घालू ना?

---

वाळूचाळणी

जाळी अजिबात नको. गालावरचे केस आणि परांचे काटे जाळीत अडकतात, ओढलं की तुटतात, शेपटीचा दोरा तर हमखास जातो. अडकलाच तर माशाला ओढू नका, कात्रीने जाळी कापा. पकडायला पाण्यातच रुंद तोंडाची बरणी आडवी धरा आणि हाताने हळूच तिच्याकडे वळवा. नळीत बसला असेल तर नळीसकट उचला.

निघण्याआधी २४ तास खाणं बंद. पिशवीत काटे घुसून गळती होते, म्हणून आइस्क्रीमचा झाकणवाला डबा घ्या, झाकणाला चार छिद्रं, डब्यात अर्धं पाणी, एका डब्यात दोन मासे. डबे थर्मोकोलच्या खोक्यात. फिल्टरचा स्पंज वेगळ्या डब्यात, टाकीच्या पाण्यात ओला ठेवा आणि झाकण सैल सोडा. वाळू नव्या घरी धुवूनच टाका, जुनी तशीच ओतली तर तळातला गाळ उठून पहिल्या रात्रीच अमोनिया चढतो. टाकी लावली की आधी फिल्टर सुरू करा, तासभर चालू द्या, मग मासे. पहिले दोन दिवस खाणं नाही, तिसऱ्या रात्री दुधीची एक चकती.

---

शिंपला

लिहून घेतलं. पाच माशांना तीन डबे आणतो.